वर्षावास आणि कोकणचा पाऊस

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाचे प्रकरण ज्या प्रसंगाने सुरू होते, त्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. भगवान बुद्ध त्या वेळी राजगृहाच्या वेळुवनात विहरत होते. भिक्खू हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा अशा तिन्ही ऋतूंत चारिका करीत असत. पावसात चालणाऱ्या या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत तुडवले जाते, एकेंद्रिय जीवांना इजा पोहोचते आणि लहानसहान असंख्य प्राणी मरतात, अशी तक्रार लोक करू लागले. अन्य पंथांचे परिव्राजक पावसाळ्यात एके ठिकाणी राहतात. इतकेच काय, पक्षीदेखील झाडांच्या शेंड्यांवर घरटी बांधून पावसाळा काढतात. मग शाक्यपुत्रीय श्रमणांनाच एवढे का उमजू नये, असा त्यांचा सवाल होता. तथागतांच्या कानी ही टीका गेली आणि त्यांनी वर्षावासाची अनुज्ञा दिली.

येथे कोणतीही आकाशवाणी नाही, कोणाचा दृष्टान्त नाही. संघाच्या जीवनातील सर्वांत मोठा वार्षिक नियम सामान्य कुणब्या-माळ्यांच्या निरीक्षणातून आणि त्यांच्या उघड नाराजीतून जन्माला आला. तो बौद्धांचा स्वतंत्र शोध होता असेही म्हणता येत नाही, कारण निर्ग्रंथांचा चातुर्मास त्याच परंपरेतला आहे आणि महावग्ग स्वतःच इतर पंथांचे ऋण मान्य करतो. पाहावे, लोकांचे ऐकावे आणि पटल्यास आपले वर्तन बदलावे, ही जी रीत आज आपण विज्ञाननिष्ठ म्हणून गौरवितो, तिचे हे एक जुने उदाहरण होय. या नियमाने निसर्गाचे निरीक्षण माणसामाणसांतील संबंधांच्या व्यवस्थेशी कसे जोडले, आणि आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

नियम मगधात झाला. त्या मुलखात वर्षाला साधारणतः एक हजार मिलिमीटर किंवा त्याहून थोडा अधिक पाऊस पडतो. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हाच आकडा तीन हजारांच्या पुढे जातो आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत कोसळतो. उन्हाळ्यात तापलेल्या भूभागाकडे समुद्रावरचे बाष्पयुक्त वारे ओढले जातात, सह्याद्रीची भिंत त्यांना वर चढावयास लावते, वर चढलेली हवा थंड होते आणि तिच्यातले पाणी डोंगराच्या अलीकडे, म्हणजे आपल्या अंगणात, पडते. घाटमाथ्यापलीकडे काही कोसांवर हाच पाऊस रोडावतो. मगधात जो नियम भिक्खूंच्या सोयीचा आणि लोकांच्या समाधानाचा होता, तो कोकणात आला तेव्हा जगण्याचीच गरज बनला असणार. भरतीच्या वेळी खाडीला मिळणाऱ्या, उतार न देणाऱ्या नद्या, निसरडे घाट आणि दिवसदिवस न थांबणारी झड ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना याचा अधिक खुलासा नको.

पण मगधच्या लोकांची तक्रार भिक्खूंच्या हालांविषयी नव्हती, ती पायांखालच्या जीवांविषयी होती. आणि या बाबतीत कोकणची भूमी जणू त्यांच्या म्हणण्याचा पुरावा घेऊन उभी आहे. रत्नागिरी, राजापूर, गुहागर परिसरातील जांभ्या दगडाचे सडे उन्हाळ्यात पाहिले तर तेथे जीवन आहे असे कोणी म्हणणार नाही. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती, तीही भाजून निघालेली. मृगाच्या सरी पडल्या की त्याच बोटभर मातीत महिनोन्‌महिने निपचित पडलेले बीज जागे होते. काही आठवड्यांत सडा गवताने आणि रानफुलांनी भरून जातो. सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या, किडे पकडून त्यांतून पोषण मिळविणाऱ्या वनस्पती तेथे उगवतात, कारण त्या उथळ मातीत नत्र फारच थोडे असते. जमिनीत दडी मारून बसलेले बेडूक वर येतात, खेकडे बिळाबाहेर पडतात, गांडुळे पायवाटांवर दिसू लागतात. ज्या ऋतूत जमीन सर्वांत अधिक सजीव असते, त्याच ऋतूत तिच्यावरून चालणे सर्वांत अधिक घातक ठरते. इंग्लंडात चार्ल्स डार्विनने चाळीसहून अधिक वर्षांच्या निरीक्षणानंतर १८८१ साली गांडुळांवर एक ग्रंथ लिहिला आणि ज्या मातीवर शेती उभी आहे ती माती या दुर्लक्षित जीवाच्या पोटातून पुनःपुन्हा जाऊन घडते, हे दाखवून दिले. गवताला एक इंद्रिय असते ही प्राचीनांची परिभाषा आजचा वनस्पतिशास्त्रज्ञ वापरणार नाही. परंतु पायाखाली जे चिरडले जाते त्यावर आपले अन्न अवलंबून आहे, ही शेतकऱ्याची जाण आणि डार्विनचा निष्कर्ष यांत अंतर फार नाही.

आता पुराव्यांकडे वळू. दापोली तालुक्यात कोटजाई नदीच्या काठी पन्हाळेकाजी हे गाव आहे. येथे एकूण २९ लेणी आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी महासंचालक मधुसूदन नरहर देशपांडे यांनी त्यांचा सविस्तर अभ्यास केला आणि त्यांचा ग्रंथ सर्वेक्षणाने १९८६ साली प्रसिद्ध केला. त्यांच्या मांडणीप्रमाणे येथील खोदकामाचा आरंभ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास, रूढ भाषेत ज्याला हीनयान म्हणतात त्या पंथाच्या भिक्खूंसाठी झाला. दहाव्या-अकराव्या शतकांत येथे वज्रयानाचे केंद्र होते, महाचंडरोषणाची दुर्मिळ प्रतिमा त्याची साक्ष देते. पुढे शिलाहारांच्या काळात शैव व गाणपत्य उपासना आली आणि अखेरीस नाथपंथीयांनी येथे वस्ती केली. शिलाहार राजा अपरादित्याच्या काळातील, त्याचा पुत्र विक्रमादित्य याच्याशी संबंधित असा शके १०६१ म्हणजे इ. स. ११३९ चा ताम्रपट येथे मिळाला. त्यातील ‘प्रणालक’ हे नगर म्हणजेच हे पन्हाळे, हे त्यावरून निश्चित करता आले. प्रणाल म्हणजे पाणी वाहून नेणारा मार्ग. आपल्या घराच्या पागोळ्या झेलणारी पन्हळ हा त्याच शब्दाचा वंशज. हजारभर वर्षे एकामागून एक पंथ आले आणि गेले, पण गावाने आपल्या नावात सांभाळून ठेवले ते पाणीच! ही लेणी आजही अनेकांच्या तोंडी ‘पांडवांची’ आहेत, याचे नवल वाटावयास नको. महाराष्ट्रातील बहुतेक लेण्यांच्या वाट्याला हीच वंशावळ आली आहे.

खेड शहरातही एक लहानसे बौद्ध लेणे आहे आणि उत्तरेकडे महाडजवळ गांधारपाले व राजपुरीच्या खाडीवर कुडे येथे मोठे समूह आहेत. कुड्याच्या शिलालेखांतील दात्यांत वैद्य आहे, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाडचा माणूस खाडीकाठच्या लेण्याला दान देतो, याचा अर्थ घाट चढून-उतरून जाणाऱ्या वाटा या विहारांना बांधून होत्या. दामोदर कोसंबी यांनी पश्चिम दख्खनमधील लेणी व्यापारी मार्गांच्या अनुरोधाने उभी आहेत ही गोष्ट पायी हिंडून दाखविली, तीच ही वस्तुस्थिती.

वर्षावासाची तरतूद प्रत्यक्ष कशी होत असे, याचा सर्वांत बोलका पुरावा मात्र नाशिकच्या लेण्यांत आहे आणि तो अभ्यासकाला आनंद देणारा आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याने आपल्या लेण्यासाठी तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल कधीही न मोडता व्याजावर चालणारी ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे दोन हजार, शेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून, त्याच्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. गणित मांडून पाहावे. शेकडा एक हा दर मासिक धरला तर दोन हजारांचे व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. आणि वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा म्हणजे बरोबर दोनशे चाळीस. एक कार्षापण उरत नाही की कमी पडत नाही. हा सगळा व्यवहार निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला होता. याच दानात चिखलपद्र गावची नारळाची आठ हजार झाडेही आहेत.

उषवदाताने ब्राह्मणांनाही भरघोस दाने दिली होती, तेव्हा त्याला निव्वळ बौद्ध उपासक ठरविण्याची घाई करू नये. महत्त्वाची आहे ती साखळी. आभाळातून पाऊस पडतो, म्हणून भिक्खू थांबतो. भिक्खू थांबतो, म्हणून त्याला निवारा व वस्त्र लागते. वस्त्रासाठी विणकराच्या मागाला भांडवल मिळते. विणकराची श्रेणी टिकली तरच व्याज मिळते. आणि हे सारे नगरसभेच्या साक्षीने चालते. हे असल्यामुळे ते होते, हे नसल्यामुळे ते होत नाही, हा प्रतीत्यसमुत्पादाचा विचार आपण सहसा दुःखाच्या बारा कड्यांपुरता शिकवितो. नाशिकच्या भिंतीवर तो हिशेबाच्या रूपात कोरलेला आहे. याच दामोदर कोसंबींनी, जे मूळचे गणिती होते, तक्षशिलेच्या साठ्यांतील अशी जुनी नाणी एकेक करून तोलली आणि हातांतून फिरता फिरता नाण्याचे वजन किती घटते यावरून त्यांचा काळ व व्यवहार ताडण्याची पद्धत बसविली. नाण्याची झीज म्हणजे माणसांच्या परस्पर व्यवहाराचे मोजमाप, ही दृष्टी त्यांनी इतिहासाला दिली. त्यांचे वडील, गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी, यांनी विनयाचा आशय सोप्या मराठीत आणला नसता तर आमच्यासारख्यांना या विषयात पाऊल टाकणे कठीण झाले असते.

वर्षावास म्हणजे तीन महिने दार लावून बसणे नव्हे. आई, वडील अथवा सहधर्मी आजारी असेल तर बोलावणे नसतानाही सात दिवसांपर्यंत बाहेर जाण्याची मुभा विनयाने दिली आहे. पूर आला, आग लागली, श्वापदांचा वा चोरांचा उपद्रव झाला तर वर्षावास मोडला तरी दोष नाही. झाडाच्या ढोलीत किंवा छत्रीखाली वर्षावास करू नये. पण गुराख्यांच्या गोठ्यात, व्यापाऱ्यांच्या तांड्यात आणि नावेवर करता येतो, कारण ज्या लोकांवर भिक्खू अवलंबून आहे ते जर हलले तर त्याने त्यांच्याबरोबर हलावे. गोठा, तांडा आणि नाव! कोकणच्या किनाऱ्यावर बसून हे तीन शब्द वाचताना नियम करणाऱ्याची व्यवहारदृष्टी लक्षात येते. जागेवर थांबण्याचा खरा अर्थ माणसांबरोबर थांबणे असा आहे.

याचा दुसरा अर्थ अधिक अवघड आहे. महावग्गाच्या चौथ्या प्रकरणात कोसल देशातील काही भिक्खूंची हकीकत येते. भांडणतंटा न होता पावसाळा सुखाने जावा म्हणून त्यांनी एकमेकांशी अजिबात न बोलण्याचा निश्चय केला. जो भिक्षेहून आधी परते तो आसने मांडी, पाय धुण्यास व पिण्यास पाणी ठेवी. ज्याला रिकामा घडा दिसे तो भरी. एकट्याला तो उचलला नाही तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी, पण तोंडातून शब्द काढीत नसे. वर्षावास संपवून ते तथागतांच्या भेटीस गेले आणि आम्ही सुखाने राहिलो असे त्यांनी सांगितले. तथागतांनी त्यांची प्रशंसा केली नाही. हे राहणे जनावरांच्या, मेंढरांच्या एकत्र राहण्यासारखे आहे, अशा शब्दांत त्यांनी त्यांना झिडकारले आणि मौनव्रतास मनाई केली. त्याऐवजी त्यांनी पवारणा सांगितली. वर्षावासाच्या अखेरीस प्रत्येक भिक्खूने संघापुढे उकिडवे बसून, हात जोडून विनवावे की माझ्या वर्तनात आपण जे पाहिले असेल, जे ऐकले असेल किंवा ज्याची शंका आली असेल ते मला अनुकंपेने सांगावे. दोष दिसला तर मी तो सुधारीन. सुरुवात सर्वांत ज्येष्ठ भिक्खूने करावयाची. ज्याच्यापुढे सारे वाकतात, तोच आधी आपले दोष विचारावयास बसतो.

आता याच्या शेजारी दुसरी कथा ठेवावी. अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल हे तिघे प्राचीनवंस वनात राहत होते. तुम्ही कसे राहता, असे तथागतांनी विचारले असता, दूध आणि पाणी मिसळावे तसे एकोप्याने, एकमेकांकडे प्रेमळ दृष्टीने पाहत आम्ही राहतो, असे त्यांनी सांगितले. पुढे त्यांनी जी दिनचर्या वर्णिली ती कोसलच्या भिक्खूंच्या दिनचर्येशी जवळजवळ शब्दशः जुळते: तीच आसने, तोच रिकामा घडा, तीच हाताची खूण, तेच मौन. तरीही येथे तथागत प्रसन्न होतात. फरक एका वाक्याचा आहे. दर पाचव्या रात्री हे तिघे रात्रभर धम्मचर्चेसाठी एकत्र बसत. मौन दोन्हीकडे होते. एकीकडे ते भांडणाच्या भीतीने पाळलेले होते, दुसरीकडे त्याला बोलण्याची ठरलेली वेळ होती. पाली ग्रंथांत एकच साचा अनेक ठिकाणी वापरलेला आढळतो आणि त्याची पुनरुक्ती वाचकाला कंटाळवाणी वाटते. पण या दोन ठिकाणी साचा एकच ठेवल्यामुळेच वेगळेपणा उठून दिसतो, असे माझे मत आहे.

दूध-पाण्याच्या उपमेविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण ती आपण फार सैलपणे वापरतो. साखर विरघळते तसे दूध पाण्यात विरघळत नाही. दुधातील स्निग्धांशाचे अतिसूक्ष्म थेंब प्रत्येकी एका पातळ आवरणात असतात. पाणी घातले तरी ते थेंबच राहतात, फक्त अधिक दूर पसरतात. डोळ्याला एक दिसते ते सूक्ष्मदर्शकाखाली असंख्य वेगळ्या थेंबांचे मिश्रण असते आणि ते एकत्र राहते ते त्या आवरणांमुळे. आवरणे फुटली की थेंब एकमेकांत मिसळून गोळा होतात, लोणी निघते. शरीरे आमची वेगळी आहेत, चित्त मात्र एक आहे, असे अनुरुद्धांनी सांगितले होते. एकोपा म्हणजे वेगळेपणाचा लोप, अशी जी समजूत आपल्या संघटनांत रुजली आहे, तिला ना त्या सुत्ताचा आधार आहे ना दुधाचा.

रत्नागिरी शहराने एकाच जागी काढलेल्या पावसाळ्यांचे आणखी एक उदाहरण पाहिले आहे, ते येथे नोंदविल्यावाचून राहवत नाही. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले. १९१६ साली येथेच त्याचा अंत झाला. राज्यावर येण्यापूर्वी श्रामणेर म्हणून धर्मग्रंथांच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेला हा बौद्ध राजा. त्याने या गावात एकूण ३१ पावसाळे काढले. १९१० साली पूर्ण झालेला थिबा राजवाडा पाहावयास पर्यटक आजही येतात. बंदिवासातही माणूस जागेवरच राहतो. वर्षावासात तो स्वतःच्या संमतीने राहतो आणि परवानगी मागता येईल असा संघ त्याच्याभोवती असतो, एवढाच भेद. पण तो केवढा!

कोकणातून भिक्खुसंघ नाहीसा झाल्यावर शतकानुशतके वर्षावास येथे नव्हता. ज्यांच्या पूर्वजांचे मंडणगड तालुक्यातील आंबवडे हे गाव, त्या परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा दिली. त्यांचा ‘बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, प्रकाशित झाला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत या ग्रंथाच्या मराठी अनुवादाचे वाचन आज आपल्या वाड्यावाड्यांतील बुद्धविहारांत होते. भाताच्या लावणीने दिवसभर वाकलेली माणसे संध्याकाळी इरली-छत्र्या विहाराच्या पडवीत ठेवून ऐकावयास बसतात. भिक्खूंचा वर्षावास उपासकांनी असा आपलासा करावा, ही घटना धम्माच्या इतिहासात लहान नाही. भिक्खू हा स्वतःच्या पूर्णतेसाठी की समाजाच्या सेवेसाठी, हा प्रश्न बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकातच विचारला होता. वाड्यांनी आपल्या परीने त्याला उत्तर दिले आहे.

तरीही जे आपण घेतले त्यात एक गोष्ट राहून गेली. वाचन आले, पौर्णिमा आली, खीरदान आले. पवारणा आली नाही. पवारणा हा भिक्खूंचा विनय आहे, उपासकांना ती बंधनकारक नाही, असा आक्षेप कोणी घेईल आणि तो शब्दशः खरा आहे. पण वर्षावासही भिक्खूंचाच होता, तो आपण घेतलाच ना? आपल्या कितीतरी वाड्यांत आज दोन कमिट्या आहेत. हिशेबाच्या वहीवरून, जमिनीच्या बांधावरून, मुंबईच्या मंडळाने गावच्या मंडळाला विचारले की नाही यावरून माणसे वर्षानुवर्षे अबोल झाली आहेत. ती माणसे तीन महिने एकाच छपराखाली बसून एकच ग्रंथ ऐकतात, आसने मांडतात, पाणी भरतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. कोसलच्या भिक्खूंचा वर्षावास याहून वेगळा नव्हता. आश्विन पौर्णिमेच्या सांगता समारंभात सत्काराच्या शाली आणि पाहुण्यांची भाषणे यांना जितका वेळ दिला जातो त्याच्या चौथाईत, मंडळाच्या अध्यक्षापासून आरंभ करून, पवारणा होऊ शकेल. वहीचा प्रश्न त्या रात्री विचारता येतो आणि तो अपमान ठरत नाही. विधीच तो प्रश्न मागतो.

वेळ नाही, माणसे नाहीत, पाऊस आहे, या अडचणी विनयकारांना ठाऊक होत्या. मोठा मेघ दाटून आला असेल आणि छप्पर थोडे असेल तर तीन वेळा म्हणावयाचे वचन दोनदा किंवा एकदा म्हणून, अथवा समान वर्षांच्या भिक्खूंनी एकदम म्हणून, पवारणा उरकावी अशी अनुज्ञा आहे. परतीच्या पावसाच्या मुलखात ती उपयोगी पडावी. संघ पाचांहून कमी असेल तर चौघांनी, तिघांनी, दोघांनीही एकमेकांपुढे ती करावी. आणि विहारात एकच भिक्खू राहिला असेल तर? कोकणातल्या पुष्कळ वाड्या आता या अवस्थेला आल्या आहेत. मुले मुंबईस, घरांना कुलपे, विहाराची किल्ली एखाद्या वृद्ध उपासिकेकडे. त्या एकट्या भिक्खूसाठीही महावग्गात नियम आहे. जेथे भिक्खू येऊन बसतात ती जागा त्याने झाडावी, पिण्याचे पाणी भरून ठेवावे, आसन मांडावे, दिवा लावावा आणि बसून राहावे. कोणी आले तर त्यांच्यासह पवारणा करावी. कोणी आलेच नाही, तर आज माझी पवारणा आहे, असा त्याने मनाशी निश्चय करावा.